करवंदांना पाय फुटले

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की उन्हाळ्यात मोठी ट्रिप न काढता मजा कशी करायची याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा. वाटलं पाच-सहा मेल येतील. आले ते बघून घरच्यांनी विचारलं की आता या सगळ्यांना उत्तरं देणार कधी, पावसाळ्यात का? निम्मे प्रश्न "कुठे जाऊ" आणि निम्मे "काय करून खाऊ" असे आहेत, आणि एक प्रश्न वाचून तर मी ओट्यापाशी उभ्या उभ्या एकटीच हसत होते, तर त्यापासूनच सुरू करते.

ताई, मुलीची दहावी झाली आणि आता ती दिवसभर रील बघते. परवा म्हणाली, आई आपण बेरी पाय करूया. सासूबाईंनी ते ऐकलं आणि आतून ओरडल्या, "कोणाचा पाय?" त्यांना वाटलं पाया सूपसारखं काहीतरी. आम्ही शुद्ध शाकाहारी. त्यांची समजूत काढली, पण आता प्रॉब्लेम असा की ब्लूबेरीची डबी एवढीशी आणि भाव बघून मी ती परत ठेवली. आपल्याकडचं काही चालेल का? – एक वाचक, कोथरूड

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना सांगा की पाय म्हणजे मोठी करंजीच, फक्त तळायची नाही, भाजायची. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण करंजीचं पीठ त्यांच्याइतकं तुमच्या मुलीच्या रीलवालीला पण कळत नसणार.

ब्लूबेरी सोडून द्या. स्ट्रॉबेरी पण सोडा, महाबळेश्वरची चांगली स्ट्रॉबेरी डिसेंबर ते मार्च, मेमध्ये जी मिळते ती रडकी असते. तुती मिळाली तर छान, पण तीही आता संपत आलेली असते आणि बाजारात क्वचितच दिसते. एप्रिल-मेमध्ये आपली हक्काची बेरी म्हणजे करवंद. आणि गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्राच्या हिशोबात करवंद ही खरीखुरी बेरी आहे आणि स्ट्रॉबेरी नाहीये! अजून एक सांगते, बेकरीतल्या केकवर ती जी लालभडक चेरी असते ना, ती बरेचदा पाकात मुरवून रंगवलेलं करवंदच असतं, म्हणजे आपण लहानपणापासून करवंदाचं बेकिंग खातोच आहोत, आपल्याला कोणी सांगितलं नाही एवढंच.

अर्धा किलो पिकलेली काळी करवंदं आणा, त्यात मूठभर लालसर-कच्ची असू देत, त्यांच्यामुळे आंबटपणा येतो आणि सारण घट्ट पण होतं (करवंदात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून तर जेली इतकी छान बसते). हाताला थोडं गोडेतेल लावा नाहीतर चीक बसतो, आणि अर्धी कापून बिया काढा. हे काम कंटाळवाणं आहे, खोटं नाही सांगत. पण पेपर पसरून सगळ्यांना बसवा आणि प्रत्येक करवंद कापायच्या आधी विचारा, कोंबडा की कोंबडी? आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकट निघालं तर कोंबडी. आमच्याकडे यावर पैजा लागतात, आणि माझे साठीचे दीर अजूनही हरले की चिडतात.

करवंदं, दीडशे ग्रॅम साखर, दोन मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, चिमूटभर मीठ हे सगळं स्टीलच्या पातेल्यात (लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या कढईत नको, आंबट आहे) मंद गॅसवर ठेवा, रटरटायला लागलं की अजून पाच मिनिटं ढवळा. रटरटलंच पाहिजे, नाहीतर कॉर्नफ्लॉवर कच्चा राहतो आणि सारण पाणचट होतं. मग पूर्ण गार करा. गरम सारण भरायचं नाही.

पिठासाठी २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम बटर, अर्धा चमचा मीठ (बटर खारं असेल तर मीठ नको), एक चमचा साखर. करंजीला आपण मोहन कडकडीत तापवून घालतो, इथे बरोब्बर उलटं, बटर फ्रीजरमधून काढलेलं दगडासारखं हवं, ते किसणीवर किसा आणि बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, तळहात लावू नका, मेमध्ये आपले तळहात म्हणजे तवा असतो. रवाळ झालं की चार-पाच चमचे बर्फाचं पाणी, जेमतेम गोळा होईल इतकंच. मळायचं नाही! हे सासूबाईंना जड जाईल कारण आपल्याला पीठ दिसलं की मळायची सवय. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग दोन भाग करून लाटा, आठ इंची डब्यात एक पोळी बसवा, तिच्यावर दोन चमचे भाजलेला रवा भुरभुरवा (हा रवा रस पिऊन घेतो आणि खालचा भाग चिकट होत नाही, ही माझी स्वतःची युक्ती आहे, मला त्याचा थोडा गर्व आहे), सारण, वरून दुसरी पोळी, कडा करंजीसारख्या मुरडा. मुरड घालायची जबाबदारी सासूबाईंना द्या. वर चार चिरा पाडा वाफ जायला, दुधाचा हात फिरवा. ओव्हन आधी तापवून २०० डिग्रीवर वीस मिनिटं, मग १८० वर अजून पंचवीस-तीस, चिरांमधून जांभळा रस बुडबुडताना दिसला की झालं.

आता सगळ्यात अवघड भाग. दोन-तीन तास कापायचा नाही. मी पहिल्यांदा केला तेव्हा गार व्हायला ओट्यावर ठेवून अंघोळीला गेले, आणि परत येऊन बघते तर निम्मा डबा रिकामा, चमचा तसाच आत, आणि घरात कोणालाच काही माहीत नाही. तेव्हापासून आमच्याकडे म्हणतात, करवंदांना पाय फुटले.

ओव्हन नाहीये. पाय, केक वगैरे विसरू का? – हॉस्टेलमधून बाहेर पडून नुकतीच रूम घेतलेला, नाशिक

अरे विसरतोस काय. जाड बुडाची कढई घे, तळाला मिठाचा बोटभर थर, त्यावर एक वाटी किंवा स्टँड, झाकण ठेवून दहा मिनिटं मध्यम गॅसवर तापव, मग डबा आत आणि गॅस बारीक. कुकर असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून तेच. फक्त एक लक्षात ठेव, यात वरून आच लागत नाही, त्यामुळे दोन पोळ्यांचा पाय वरून पांढरा राहतो आणि बघून भूक मरते. म्हणून खालची एकच पोळी घाल, सारण उघडं ठेव. पोळी सारणाशिवायच आधी वीस-पंचवीस मिनिटं भाज, काट्याने टोचे मारून, आणि मग शिजवलेलं सारण भरून अजून दहा मिनिटं. आणि ते मीठ फेकू नकोस, पुढच्या वेळी परत वापरता येतं, स्वयंपाकात मात्र नको.

आम्ही पुण्यात राहतो, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. एका दिवसात मुंबई करायची आहे. यादी केलीये: राणीची बाग, म्युझियम, गेटवे, घारापुरी, नेहरू सायन्स सेंटर, चौपाटी, सी लिंक. मेमध्ये जमेल ना? – एक उत्साही बाबा, चिंचवड

नाही जमणार. म्हणजे धावत-पळत जमेलही, पण दुपारी दोन वाजता भायखळ्याच्या फुटपाथवर मुलं रडतील, तुम्ही बायकोवर ओरडाल आणि ती आठवडाभर ऐकवेल, हे मी अनुभवाने सांगतेय कारण आमची यादी पण अशीच होती.

यादीतलं एकच ठेवा आणि जाण्या-येण्याचीच मजा करा. डेक्कन क्वीनने जा. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते, साडेदहाच्या आसपास सीएसएमटी. रिझर्वेशन आधीच करून ठेवा, मेमध्ये आयत्या वेळी गेलात तर उभे राहाल. मुलांना डायनिंग कारमध्ये न्या, चालत्या गाडीत टेबलावर बसून कटलेट आणि टोस्ट खायची मजा ती कुठल्याच हॉटेलात नाही, कटलेट फार ग्रेट असतं असं नाही, पण खिडकीतून घाट पळत असतो ना. लोणावळा गेलं की बोगदे मोजायला लावा. धाकटा आणि मोठा यांचा आकडा कधीच जुळत नाही आणि कर्जतपर्यंत भांडण पुरतं.

उतरलात की टॅक्सी करून थेट काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. सव्वादहाला उघडतं म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत गर्दी नसते. सगळं बघायचं नाही, हे परत सांगते. मुलांना विचारा, भरलेले प्राणी-पक्षी बघायचेत की तलवारी-चिलखतं, आणि जे म्हणतील तिथेच रेंगाळा. मध्ये एकदा घुमटाखाली उभं करून वर बघायला लावा. ही इमारत आणि गेटवे, दोन्हींचा आर्किटेक्ट एकच, जॉर्ज विटेट, तर नंतर गेटवेला गेल्यावर मुलांना सांगा की त्याच माणसाचं काम ओळखा बघू कशावरून.

दीड-दोन वाजता फोर्टमधलं कुठलंही जुनं इराणी गाठा. बन मस्का, ऑम्लेट, आणि मुलांना रासबेरी सोडा, जीभ लाल होते, फोटो काढा. बेरी हवीच असेल तर बेरी पुलाव पण मिळतो काही ठिकाणी, त्यातल्या त्या आंबट लाल बेऱ्या म्हणजे इराणातली झरेश्क. तिथे पंख्याखाली निवांत बसा. कोणी घाई केली तरच उठा.

मग डबलडेकर. जुन्या डिझेलच्या लाल डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या, मी तेव्हा खरंच हळहळले होते, पण आता एसी इलेक्ट्रिक आल्यात. दक्षिण मुंबईत दिसेल ती पकडा, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट मिळेपर्यंत एक बस सोडावी लागली तरी सोडा. परतीची डेक्कन क्वीन पाच-दहाला आहे, तेव्हा साडेचारला स्टेशनवर. घारापुरी थंडीत. त्या लेण्या कुठे जात नाहीत, आणि सोमवारी बंद असतात एवढं लिहून ठेवा.

ताई, मी न्यू जर्सीत असते. आई-बाबा पहिल्यांदाच येतायत, जुलैमध्ये. नायगारा, वॉशिंग्टन सगळं बुक केलंय पण आई फोनवर म्हणाली, "मला एवढं फिरवू नकोस, गुडघे दुखतात." आता काय करू? – लेक, एडिसन

आईचं ऐक. नायगारा तेवढा ठेव हवं तर, बाबांना शेजाऱ्यांना फोटो दाखवायचे असतील.

अगं तू तर ब्लूबेरीच्या माहेरी राहतेस! आज दुकानात जी टपोरी ब्लूबेरी मिळते ती आधी फक्त रानात उगवायची, तिची शेती सुरू झाली ती न्यू जर्सीतल्या व्हाइट्सबॉगला, एलिझाबेथ व्हाइट आणि फ्रेडरिक कोव्हिल या दोघांनी मिळून केली, आणि शेतातलं पहिलं पीक १९१६ मध्ये बाजारात गेलं. जूनच्या मध्यापासून जुलैभर तिथल्या शेतांवर स्वतः तोडून न्यायची सोय असते. झुडपं कमरेएवढी-छातीएवढी, वाकायला लागत नाही, म्हणजे आईच्या गुडघ्यांचा प्रश्न मिटला. सकाळी आठला जा, दहाला परत. आई एका तासात बादली भरेल आणि "आमच्याकडच्या करवंदांना जास्त चव असते" असं म्हणेल, तू हो म्हण.

शहर बघायचं तर एक दिवस फिलाडेल्फिया, आणि तिथेही फक्त रीडिंग टर्मिनल मार्केट. १८९३ पासूनचं छत असलेलं मार्केट, एसी, बसायला जागा, आई-बाबांना मंडईत गेल्यासारखं वाटेल. आमिश लोकांचे स्टॉल रविवारी बंद असतात म्हणून शनिवारी जा. तिथे शूफ्लाय पाय मिळाला तर बाबांना दे आणि कसला आहे ते सांगू नको, तो मोलॅसिसचा असतो, आणि पश्चिम महाराष्ट्रातला माणूस असेल तर पहिल्या घासाला म्हणेल, ही तर काकवी! फक्त विकतच्या पायच्या पारीत कधीकधी लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, तेव्हा विचारून घे. घरी करशील तर वरच्या कोथरूडच्या बाईंना सांगितलंय तेच पीठ, अंडं पण लागत नाही.

रिटायर होऊन वर्ष झालं. बायकोची नोकरी चालू आहे, मुलगा बेंगळुरूला. घरात बसून भिंती बघतो. एकट्याने ट्रिपला जायची लाज वाटते. – एक काका, बिबवेवाडी

काका, लाज कसली, पण ठीक आहे, ट्रिप म्हणू नका, मंडईत चाललो म्हणा. पिशवी हातात असली की पुण्यात कुणाला काही शंका येत नाही.

सकाळी सहाला पर्वती, १०३ पायऱ्या, वर वारा असतो आणि उन्हाळ्यात तो तेवढाच वेळ असतो. नऊनंतर स्वारगेटहून मेट्रो, एकच स्टेशन, मंडई. एका स्टेशनासाठी कशाला म्हणाल, पण जमिनीखालचा गारवा आहे ना, तिकिटाचे पैसे त्यातच वसूल. वर आलात की समोर महात्मा फुले मंडई, १८८६ ची इमारत, हे बांधकाम आपण भाजीच्या नादात कधी मान वर करून बघतच नाही. तिथून चालत राजा दिनकर केळकर संग्रहालय. तुम्ही पुण्यात जन्म काढून गेला नसाल, पैज लावते. दिनकर केळकरांनी, हेच कवी अज्ञातवासी, लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने हे उभं केलं आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. तलवारी-बिलवारी सोडा, तिथले अडकित्ते बघा. सुपारी कातरायला माणसाने किती नखरे करावेत! घोडा, पोपट, बाई, काय काय. मी एकदा फक्त अडकित्त्यांसमोर अर्धा तास होते आणि तिथल्या रखवालदाराला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

बाहेर येऊन एक मस्तानी, शुगर असेल तर अर्धी. येताना मंडईतून एक द्रोण करवंदं घ्या आणि संध्याकाळी वहिनी आल्या की समोर ठेवा, कोंबडा का कोंबडी विचारा. काय होतं ते मला कळवा.

नातवंडं येतात, मोबाईल घेऊन बसतात. आमच्याकडे ना मॉल ना थिएटर. त्यांना कसं रमवायचं? – एक आजी, सातारा जिल्हा

आजी, तुम्ही कुरडया करता ना? मग मला का विचारताय. गहू तीन दिवस भिजत घातलेत, घरभर तो आंबूस वास, पहाटे अंगणात मोठं पातेलं, आणि चीक शिजून चकचकीत झाला की वाटीत गरम गरम, वर दूध-साखर किंवा तेल-तिखट. त्यासाठी मी आजही पुण्याहून पहिली एसटी पकडून येईन. पोरांना "या खायला" म्हणून बोलावू नका, येणार नाहीत. त्यांना सोऱ्या फिरवायला द्या, गच्चीवर कावळे हाकलायला बसवा, पापडाच्या लाट्या मोजायचं काम द्या आणि मोजता मोजता तेलात बुडवून चार खाल्ल्या तर दुसरीकडे बघा. पहिला तासभर कुरकुर करतील. माझ्या भाचीने तर गेल्या वर्षी सोऱ्याचा व्हिडिओ काढून टाकला, मग तिला रोज नवीन व्हिडिओसाठी नवीन वाळवण हवं होतं, वहिनीच थकली.

मोबाईल पूर्ण काढून घेऊ नका पण. दुपारी एक ते चार तुम्हालाही झोपायचं असतं.

करवंदं खाल्ली, ओठाला चीक चिकटलाय, साबणाने निघत नाहीये, उद्या सकाळी मुलगी बघायला जायचंय. अर्जंट. – नाव देत नाही

खोबरेल तेल चोळ, दहा मिनिटं थांब, फडक्याने पूस. साबणाने रगडू नकोस, ओठ सुजेल. आणि जाताना एक द्रोण घेऊन जा, तिने कोंबडी म्हटलं आणि कोंबडा निघाला तर ती चिडते का ते बघ.